बोस्टनला दिली

माझा नवरा मिलिंद बर्मिंगहॅमला बस डेपोत मेकॅनिक. तीस वर्षं इंजिनं खोलली, कुणाला कधी उलट उत्तर दिलं नाही. सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघायचा होता. त्यातलं परदेशाचं प्रकरण पुण्याच्या समितीने याच्या गळ्यात मारलं, कारण ‘नाही’ म्हणणं याला जमत नाही. निस्तरायचं कुणी? मी.

दोन वर्षं आमचं डायनिंग टेबल अमेरिकेतल्या संशोधक नातेवाइकांच्या कागदांनी अडवलं होतं. एका चुलत दिराने डायपरचा न सुटणारा डिंक शोधलाय. दुसऱ्याच्या नावावर सात पेटंटं, सगळी बाटलीच्या झाकणांची. आम्ही आपले मांडीवर ताटं घेऊन जेवायचो.

सगळ्यांत हुशार निघाली चुलत नणंद वीणा. हृदयाच्या झडपांवर संशोधन, चौदा पेटंटं. प्रूफ आलं, तर डिंकाला दोन पानं आणि हिला एक ओळ: ‘वीणा, बोस्टनला दिली.’ लग्न झालेल्या मुलीला एकच ओळ, हा समितीचा नियम.

लग्न होऊन साउथहॅम्प्टनला गेलेली आमची एकुलती एक लेक वैभवी शनिवारी आली होती. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी मोडकंतोडकं. ती म्हणाली, “बाबा, हिला कुणाला डोनेट केला?” मग पानं उलटून तिने स्वतःचं नाव शोधलं. ‘वैभवी, साउथहॅम्प्टनला दिली.’ खाली ‘शाखा समाप्त’. ती प्लेट्स उचलून आत गेली. माझा नुसता तिळपापड झाला.

मिलिंदने पुण्याला फोन लावला. समितीचे मुरलीधरकाका समजुतीने म्हणाले, “वीणा शास्त्रज्ञ आहे, तिचा अपवाद करू. तुझी वैभवी काय करते?”

“हॉस्पिटलच्या व्हीलचेअर दुरुस्त करते.”

“मग राहू दे की एक ओळ.”

“नको काका. तिची ओळच काढून टाका. आणि माझीही काढा.”

तीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस मला आवडून गेला, असं म्हणणार नाही. पण त्या दिवशी फार आवडला.

मार्चमध्ये पुस्तक आलं. वीणाला फोटोसकट पान. मिलिंद सासऱ्यांचा एकुलता एक, त्यामुळे त्यांच्या नावापुढे एकच शब्द छापलाय. त्याने तो वैभवीला वाचून दाखवला: “निपुत्रिक.”

“म्हणजे काय, बाबा?”

“म्हणजे मी झालोच नाही,” तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि रडायला लागली.