गॅरेजमधलं शिसं

देवदत्तच्या वडिलांचं, अण्णांचं, मिरजेत लेथचं छोटं वर्कशॉप होतं. थांबलेल्या लेथवरच्या तुकड्यावर नख फिरवून ते सांगायचे, "अजून केसभर घे." मायक्रोमीटर लावला की खरोखर केसभरच जास्त निघायचं. त्या घरातला मुलगा मेकॅनिकल इंजिनियर झाला नसता तरच नवल. त्याने अमेरिकेत एमएस केलं, रेडमंडमध्ये नोकरी धरली, आसावरीशी लग्न केलं आणि बघता बघता धातूपासून तुटला. दिवसभर स्क्रीनवर पार्ट काढायचे. ते बनवणार कुठल्या तरी दुसऱ्याच गावात, दुसराच कोणीतरी. अण्णा गेले तेव्हा व्हिसाच्या घोळात त्याला वेळेवर पोचता आलं नाही. लेथ भंगाराच्या भावात गेलं, हे त्याला फोनवर कळलं.

ग्रीन कार्ड आलं त्या वर्षी ऑफिसातला वॉल्ट त्याला रायफल रेंजवर घेऊन गेला. व्हिसावर असेपर्यंत बंदुकीच्या वाटेला जायचं नाही, हे देवदत्तने पक्कं ठरवलं होतं. आता मोकळीक होती. रेंजवर शिकार नाही, रक्त नाही. लांबवरच्या कागदावर नेम धरायचा आणि सगळी भोकं एकमेकांत मिसळतील असं बघायचं. देवदत्तला हा खेळ फार आवडला. विकतच्या गोळ्या सगळ्या सारख्या भरत नाहीत म्हणून वॉल्ट आपल्या गोळ्या घरीच घडवायचा. "मशिनिस्टचा मुलगा ना तू? मग विकत कसल्या घेतोस?" असं तो म्हणाला, आणि हे वाक्य देवदत्तला बरोबर लागलं.

महिन्याभरात गॅरेजच्या कोपऱ्यात दणकट हँडप्रेस बसला. या कामाला स्वेजिंग म्हणतात. शिसं वितळवायचं नसतं, थंडच दाबायचं असतं. शिशाच्या जाड तारेचे तुकडे पाडायचे, साच्यात दाबून सगळे एका वजनाचे करायचे, तांब्याच्या इवल्याशा वाटीत बसवायचे आणि शेवटच्या साच्यात वाटीला टोक आणायचं. साच्यात अडकू नये म्हणून चिकट मलम लावायचं. पहिल्या गोळ्या पार वाया गेल्या. मलम कमी झालं तर गोळी अडकायची, जास्त झालं तर टोकाजवळ खळी पडायची. देवदत्त मात्र खुशीत होता. कित्येक वर्षांनी त्याची बोटं काळी होत होती.

लेकीला, इलाला सांभाळायला आई सांगलीहून आली होती. सहा महिने राहणार होती. इला नुकती रांगायला लागलेली. आई एकदा गॅरेजच्या दारात उभी राहून बघत होती.

"काय रे देवू, कुणाशी लढाई आहे?"

"कागदाशी."

"मग ठीक आहे. उंदीर सापडला तर पिंजरा कॅनॉलपर्यंत नेऊन सोडणारा तू. मला वाटलं, अमेरिकेत येऊन शूर झालास की काय."

तो हसला. तिने एक नीट जमलेली गोळी तळहातावर घेतली, उजेडात फिरवली आणि नुसतीच म्हणाली, "अण्णांना दाखवायला हवी होती."

आईच्या हाताला बाळांचं वळण होतं. सांगलीत गल्लीतल्या कितीतरी पोरांना पायांवर घेऊन तिनेच न्हाऊ घातलं होतं. इलाला ती तेल लावायची, घरी धरलेलं काजळ कानामागे आणि डोळ्यांत घालायची, मऊ खिचडीत सांगलीची हळद घालायची. आसावरी ऑफिसातून येई तेव्हा पोर हसरी असे. सासू-सुनेचं बरं चाललं होतं.

इलाच्या वर्षाच्या तपासणीत रक्तात शिसं निघालं. मर्यादेच्या बरंच वर.

आसावरी एकटीच तिला घेऊन गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, आईवडील काय काम करतात? दोघंही कॉम्प्युटरवर, असं तिने सांगितलं. मग त्यांनी इंडियन घरांना विचारतात ते सगळं विचारलं. काजळ? हळद? पितळी भांडी? तिकडची औषधं? आसावरीचं उत्तर जवळजवळ प्रत्येकाला 'हो' होतं. ती घरी आली ती थेट स्वयंपाकघरात.

"आई, ही हळद टाकतेय मी. काजळही."

"अगं, हळद माझ्यासमोर दळलेली आहे. काजळ तर मी निरांजनावर स्वतः—"

"आई, प्लीज! तिच्या मेंदूवर परिणाम होतो यानं. डॉक्टर सांगतायत."

आईने देवदत्तकडे बघितलं. त्या क्षणी त्याच्या डोक्यात गॅरेज येऊन गेलं. येऊन गेलं, आणि त्याने त्याला उत्तरही दिलं: आपण वितळवत नाही, म्हणजे वाफ नाही. दार बंद असतं. हात साबणाने धुतो. गणित जुळलं. तो म्हणाला, "आई, थोडे दिवस नको वापरू. बघू."

चोर सोडून संन्याशाला सुळी, तसं झालं. हळद गेली, लोणची गेली, देवापुढची पितळी समईसुद्धा खोक्यात गेली. आई वाद घालत बसली नाही. फक्त इलाला उचलण्याआधी ती विचारायला लागली, "घेऊ का गं हिला?" आसावरी 'हो' म्हणायची, पण म्हणण्याआधी पापणी लवण्याएवढा वेळ घ्यायची. थोड्या दिवसांनी आईने विचारणंच सोडलं. इला रांगत येऊन साडी ओढायची आणि आई तिच्याशी लांबूनच बोलायची. मुदत संपण्याआधीच तिने तिकीट बदलून मागितलं. "तिकडे निधीचे दिवस भरत आलेत," असं कारण सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

निधी म्हणजे देवदत्तची सांगलीतली बहीण. तिला मुलगा झाला. आई तिच्याकडे राहत होती, स्वयंपाक करत होती, धुणं करत होती, पण बाळाला हात लावत नव्हती. न्हाऊ घालायला बाई लावावी लागली. "दादा, तिकडे काय झालं रे?" निधीने फोनवर विचारलं. "जवळ न्यावं तर मागे सरते. माझ्या हातांचा भरवसा नाही, म्हणते." देवदत्तने "थकली असेल" असं म्हणून विषय बदलला.

रेडमंडच्या पावसाळी जानेवारीत इलाची दुसरी तपासणी झाली. आकडा उतरला नव्हता, थोडा चढलाच होता. या वेळी देवदत्त बरोबर होता. डॉक्टरांनी आणखी एक विचारलं: घरात कोणाला काही छंद? मातीची भांडी, मासेमारीची वजनं, बंदुकीच्या गोळ्या?

"गोळ्या," देवदत्त म्हणाला. "मी बनवतो. शिशाच्या."

गाडीत आसावरी वायपरकडे बघत होती. मग म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"नव्हतं."

"संशय होता?"

त्याने लाल सिग्नलला गाडी थांबवली.

"मी काय काय बोलले रे आईंना," ती म्हणाली, आणि सिग्नल हिरवा झाला तरी त्याने गाडी हलवली नाही.

घरी येऊन तो शोधत सुटला. दार बंद, हात धुतलेले, मग पोरीपर्यंत पोचलं कसं? उत्तर इलाच्या कपड्यांच्या खणात मिळालं. आईने आपली जुनी सुती साडी फाडून इलासाठी हातभर फडकी केली होती. गोळीवरचं मलम पुसायला त्याइतकं मऊ दुसरं काही नव्हतं, म्हणून तो त्यातलीच चार-दोन उचलायचा आणि काम झालं की धुण्याच्या सिंकमध्ये टाकायचा. खणातल्या कितीतरी फडक्यांवर फिकट करडे डाग होते. धुऊन, वाळवून, चौकोनी घड्या घालून ठेवलेली. आई गेल्यावर आसावरीने तोच ढीग मशीनमध्ये फिरवला होता.

प्रेस त्याने त्याच दुपारी उखडला. संध्याकाळी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. आई खुर्चीत बसली होती, फोन निधीने टेबलावर टेकवून ठेवला होता.

"आई, तुझ्या हळदीचं नव्हतं ते. काजळाचंही नव्हतं. माझं शिसं. मीच."

आईने डोळे मिटले, उघडले. "बरं झालं कळलं. पोर कशी आहे?"

"उतरेल म्हणतात. परिणाम किती झाला, ते मोठी होईल तसं समजेल."

"पण तू तर हात धुवायचास. मी बघायचे ना. मग तिच्यापर्यंत गेलं कसं?"

'माहीत नाही' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण एकदा गप्प बसून काय झालं, ते तो बघत होता. त्याने सगळं सांगितलं. फडकी, सिंक, खण.

"ती सिंकमधली फडकी?" आई म्हणाली. "ती तर मीच धुवायचे. मीच घड्या घालून तिच्या ढिगात ठेवायचे."

"आई, तुला काय माहीत—"

"जेवली की तोंड पुसायचे रे तिचं त्यांनी. बोटंसुद्धा."

"चूक माझी आहे. तुझी नाही. ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं. निधीचा आवाज आला, "आई, दोन मिनिटं घेतेस का गं याला?"

"माझे हात ओले आहेत," आई म्हणाली. "तूच घे."

स्क्रीनवर तिचे दोन्ही हात मांडीवर दिसत होते. कोरडे होते.