आधी ताई जेवायची

माझी ताई हावरट होती.

मी नाही म्हणत. दादरला तिच्या सासरी सगळे म्हणायचे. ती म्हातारी झाली तरी म्हणत होते.

स्वयंपाक झाला की सगळ्यांच्या आधी ती जेवायची. ओट्याशी उभी राहून, वाटीत घेऊन, घाईघाईने.
मग घड्याळाकडे बघत थांबायची.
बऱ्याच वेळाने पानं वाढायची. तोवर सगळं गार.

"घरातल्या पुरुषांच्या आधी सून जेवते! आमच्याकडे नाही हो ही पद्धत." सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या.

ताई ऐकून घ्यायची. कारण कधी सांगितलं नाही. मलाही शपथ घातली होती.

आज तिला जाऊन वर्ष झालं. नावं ठेवणारेही गेले. शपथ मोडते आहे, ताई. रागाव हवं तर.

लालबागची आमची चाळ. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस.
चाळीतल्या बायकांबरोबर आई मोर्चाला गेली आणि सगळ्यांना पकडून नेलं.
घरात बाबा, बारा वर्षांची ताई, सहा वर्षांची मी आणि आमची बेबी. बेबी अजून तीनचीही नव्हती.

कर्फ्यू लागलेला. बाजार बंद. घरात तूरडाळ होती आणि गावाहून आलेली आमसुलं. रॉकेल तळाला गेलेलं.
ताईने तिच्या परीने शहाणपणा केला. दोन दिवसांची आमटी एकदमच करून ठेवली.
एवढी आमटी मावेल असं भांडं एकच होतं. पितळेचा मोठा टोप.

त्या टोपाची कल्हई उडाली होती. आतून पिवळा दिसायला लागला होता. एरवी कल्हईवाला चौकात येऊन भाता लावायचा, पण त्या बंदच्या दिवसांत तो फिरकलाच नव्हता.
बिनकल्हईच्या पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, पोटात गेलं की बाधतं. हे आईला माहीत होतं. आई तुरुंगात होती.

दुसऱ्या दिवशी तीच आमटी आम्ही भातावर घेतली. गारच. बेबीला ताईने मांडीवर बसवून भरवली.

दुपारपासून बेबीला उलट्या.
मलाही झाल्या. माझ्या थांबल्या. तिच्या थांबेनात.

बाबा तिला खांद्यावर टाकून धावले. दवाखाना बंद. नाक्यावर पोलिसांनी मागे फिरवलं. दुसऱ्या गल्लीने गेले, तिथूनही फिरवलं.

बेबी गेली.

कशाने गेली, ते नक्की कुणालाच कळलं नाही. त्या आठवड्यात चाळीतल्या बऱ्याच पोरांना जुलाब-उलट्या होत होत्या. नळाचं पाणीच गढूळ येत होतं. पण आपल्या आमटीनेच गेली, असं ताईने ठरवून टाकलं.

सुटून आलेल्या बायकांना कार्यकर्त्यांनी नाक्यावर हार घातले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.
आई हार घालूनच जिना चढली. बाबांनी दारातच तिला सांगितलं.

ताई पुढे झाली. "आई, आमटी मी केली होती."

आईने एवढंच विचारलं, "खयच्या टोपात गो?"

"पितळेच्या."

आईने गळ्यातला हार काढून खुंटीला अडकवला आणि ती भिंतीला टेकून बसली.
पुढे जन्मभर तिने तो विषय काढला नाही. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आजही हेच म्हणते.

मुंबईसह राज्य झालं, त्या दिवशी चाळीत रोषणाई होती, पेढे वाटले.
ताईने माझ्या हातातला पेढा काढून घेतला. अर्धा स्वतः खाल्ला. थांबली. खूप वेळ थांबली.
मग उरलेला मला दिला.

तेव्हापासून ती प्रत्येकाच्या आधी जेवली.

तिच्या घरात पितळेचं भांडं आलं नाही. आमसूल आलं नाही.
म्हातारपणी मोबाइल हातात आल्यावर तर विचारू नका. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी व्हॉइस मेसेज.
"भात रात्रभर बाहेर ठेवू नका गं."
"नॉनस्टिकचा तवा खरवडला असेल तर फेकून दे, माया करू नको."
"दाणे खवट लागले तर थुंकून टाक, गिळू नको."
पोरं तिला फूड इन्स्पेक्टर म्हणायची. अर्ध्या जणांनी तिला म्यूट केलं होतं.

मी किती वेळा सांगितलं असेल, "ताई, आमटी मीही खाल्ली होती. मी आहे ना जिवंत?"

"तू मोठी होतीस."

"सहा वर्षांची होते गं!"

"मोठी होतीस," ती म्हणायची आणि टोप घासायला घ्यायची. स्टीलचा. घासलेलाच.

मी हरले. इतकी वर्षं समजावून तसूभरही तिच्या मनातून ते काढता आलं नाही. हॉस्पिटलमध्ये जेवण सुटलं होतं, तरी डब्यातला पहिला घास ती घ्यायची, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि बऱ्याच वेळाने म्हणायची, "हं. आता तुम्ही खा."

ते ओझं घेऊनच गेली.

आज वर्षश्राद्धाचा स्वयंपाक करताना भाच्याने विचारलं, "मावशी, आईला काय आवडायचं गं?"
पोटच्या मुलाला माहीत नाही. तिने काही आवडीने खाल्लेलं त्याने पाहिलंच नाही.

मला माहीत आहे. लहानपणी ती बरणीतली आमसुलं चोरून चोखायची आणि फ्रॉक लाल करून घ्यायची.

म्हणून आज आमटीत भरपूर आमसुलं घातली.

श्राद्धाच्या स्वयंपाकाला आधी तोंड लावू नये म्हणतात. मी लावलं. ओट्याशी उभी राहून वाटीभर आमटी प्यायले आणि घड्याळाकडे बघत थांबले. मग तुझं पान वाढलं.

ताई, स्टीलच्या टोपात केली आहे. ताजी आहे. मला काही झालं नाही.

जेव आता.