पोचा आलेला माईक

एकतीस वर्षांत पेंटरने पुस्तकांची शेकडो मुखपृष्ठं केली, पण असं कोणत्याच पुस्तकाने रडवलं नव्हतं. विषय धर्म आणि राजकारण! त्याने खुर्ची काढली, तर प्रकाशक म्हणाला, "हे फर्निचरचं पुस्तक वाटतंय." मग तराजू काढला, तोही परत आला. तिसरं चित्र पसंत पडलं नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. पेंटरच्या डोक्याचा पार भुगा झाला.

शेवटी मोकळं व्हायला तो ताईकडे गेला. भाऊजींचा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा. सकाळी प्रवचनाला जो माईक, तोच संध्याकाळी प्रचारसभेला. आणि त्याच्या जाळीला हा एवढा पोचा!

"कोणी आपटला हो?"

"पुढारी म्हणतात, प्रवचनकारांनी. प्रवचनकार म्हणतात, पुढाऱ्यांनी. मी दोघांनाही सांगतो, माझ्याच हातून पडला."

पेंटर उडालाच. सापडलं की चित्र! तिथेच, वायरींच्या भेंडोळ्यांत बैठक मारून त्याने पोच्यासकट माईक रंगवला. इतकं मनासारखं काम कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

चित्र पाहून भाऊजींचा चेहरा उतरला. "झकास जमलंय रे. पण हा पोचा सगळे ओळखतात. उद्या पुस्तकावर तो दिसला, की दोघंही मला विचारतील, तू कोणाच्या बाजूचा?"

"कोणी काही बोललंय का तुम्हाला?"

"नाही बाबा. अजून तरी नाही."

ताई दारातूनच म्हणाली, "तुझं नाव होईल रे. पण आमची गिऱ्हाईकं दोनच आहेत."

आता आली का पंचाईत! पोचा ठेवावा तर ताईच्या पोटावर पाय, काढावा तर चित्रात जीवच उरत नाही. पेंटरने तो दोनदा पुसला, दोनदा परत काढला. शेवटी डोळे मिटल्यासारखं करून रंग फिरवला. माईक दुकानातल्यासारखा गुळगुळीत झाला.

"पसंत," प्रकाशक म्हणाला. "पण काहीतरी कमी वाटतंय. काय ते कळत नाही."

पेंटरला कळत होतं. तो जिना उतरला. फार वाईट वाटत होतं त्याला. कोणी दम दिला नव्हता, कोणाचा फोन आला नव्हता. मग आपण घाबरलो ते नेमके कोणाला, प्रवचनकारांना की पुढाऱ्यांना? रस्ता ओलांडेपर्यंत त्याला ते ठरवता आलं नाही. पुस्तक छापून हातात पडलं, तरीही नाही.