मायनर काम

गॅरेजमध्ये मायनर म्हणजे हातोडीच्या दोन ठोक्यांचं काम. दारावरचा पोचा, बंपरची चीर. मेजर म्हणजे कोळशाच्या ट्रकनं चेपलेली गाडी. सातवीत शाळा सोडून मी लातूरकडून वणीला आलो, तेव्हापासून हे दोन शब्द एवढ्याच अर्थानं वापरत आलोय.

त्या सकाळी बीएस्सीला असलेली माझी पोरगी म्हणाली, "बाबा, मेजर तं केमिस्ट्री हाय, मायनर काय घेऊ? मैत्रिणी साऱ्या झूलॉजी घेऊन राह्यल्या. मले जिऑलॉजी पायजे. आज फॉर्मचा शेवटचा दिवस हाय."

मी डबा बांधत होतो. "मायनरच आहे ना? मग मैत्रिणींसोबत घे की. एकटी कशाला पडतीस?"

तिनं मान डोलावली आणि बॅग उचलली. पोरगी माझं ऐकते.

दुपारी कॉलेजातल्या एका सरांच्या गाडीचं दार उतरवलं होतं. सहज त्यांना हे सांगितलं. सर स्टुलावरून उठलेच. "भाऊ, मायनर म्हणजे पोचा नाही! तो विषय पुढची वर्षं सोबत राहते. एकदा भरला का सहजी बदलता येत नाही."

पोरीला फोन लावला. रिंग जात होती, ती उचलेना. परत लावला. माझं तोंड बघून सर म्हणाले, "जा ना लवकर! दाराले मी पाह्यतो."

कॉलेजसमोरच्या नेट कॅफेत ती कॉम्प्युटरपुढं बसली होती. पडद्यावर चकरी फिरत होती.

"भरलंस?" मी ओरडलोच. अख्खं दुकान वळून बघायला लागलं.

"झूलॉजी टाकलं. सर्वर अटकून राह्यला."

"मागं घे! तुला पाहिजे ते टाक."

"सकाळी तं तुमीच म्हणत होते, मायनर हाय."

"तुझ्या बापाला पोच्यातलंच कळतं गं!"

तिनं मागं घेतलं. पान पांढरं झालं. मग फॉर्म आला, पार कोरा. तिनं नावापासून पुन्हा भरला. जिऑलॉजी. चकरी फिरली, थांबली, परत फिरली. हिरवी खूण आली तेव्हा तिनं माझी बाही घट्ट धरली होती.

"त्यात असतं काय पण?"

"दगडं."

"दगडं?"

"घरी सांगीन, बाबा."

गॅरेजात सर खरंच उतरवलेल्या दारापाशी उभे होते. "झालं?"

मी हात जोडले.

"हात मंग जोडा भाऊ, आधी दार जोडा."

बिजागरीचा बोल्ट माझ्या हातातून सारखा निसटत होता. शेवटी दार सरांनीच धरलं.