दीड हाताची मशीन

राग गिळावा, असं म्हणतात. मी तो गिळला नाही, त्याची मशीन घेतली.

निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी नवऱ्यानं टाकलेली, हसनाबादला आईकडं परत आलेली. आई गोधड्या शिवायची आणि त्यावरच आमची चूल पेटायची. एकदा एका मारवाडी शेठाणीला गोधडीच्या कडेला मशीनचा गोट हवा होता. मशीन गावात एकट्या शिंप्याकडं. बाजारचा दिवस होता. आईनं गोधडी त्याच्यापुढं ठेवली, त्यानं ती सुईखाली कोंबली, जाड कापड आत जाईना म्हणून जोर केला आणि सुई मोडली. चूक सगळी त्याची. पण त्यानं गोधडी ओट्यावरून रस्त्यात फेकली आणि भरल्या बाजारात आईला म्हणाला, "ने ही वाकळ अन् व्यालेल्या कुत्रीखाली आंथर!"

लोक हसले. आईनं गोधडी उचलली, झटकली आणि घरी आली. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी तिनं राजूरहून नवी सुई आणवली आणि स्वतः त्याला नेऊन दिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अख्खी गोधडी जिच्यातून आरपार जाईल अशी मशीन आणायची, त्याच्या दुकानासमोर मांडायची आणि ह्या माणसाचं नाक ठेचायचं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

सासरहून निघताना हातात राहिलेल्या पाटल्या होत्या. त्या मोडल्या. ते सोनं निदान एका चांगल्या कामाला लागलं. डोक्यावर गोधडीची वळकटी घेऊन मी मोटारीनं जालन्याला गेले आणि दुकानामागून दुकान पालथं घातलं. मशीन दिसली की मी तिचा रंग बघायची नाही, पॉलिश बघायची नाही. सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंतची मोकळी जागा वितीनं मोजायची आणि वळकटी आत सारून बघायची. सगळीकडं एकच वीत. एक शेठ गालातल्या गालात हसत म्हणाला, "बाई, मशीन घ्यायला आली का मुक्कामाला?" मी म्हटलं, "तुमची मशीन बाहुलीचं झबलं शिवायची हाय शेठ, मला काय उपेग न्हाई."

शेवटी कापसाच्या जिनिंगच्या मागं, ताडपत्र्या आणि तंबू शिवायच्या एका छपरात ती सापडली. गंजलेली, कुरूप, जागा मात्र चांगली दीड हात. वळकटी अशी सरकन गेली की मी तिथंच हसले. डोळ्यांनी अधू झालेला म्हातारा मिस्त्री ती काढूनच टाकणार होता. "बेटी, इसे चलाने दो जने होना," तो म्हणाला. "तू कायकू लेती?"

"एका माणसाची जिरवायची हाय, चाचा."

म्हातारा खो खो हसला. "फिर तो लेके जाव!" आणि तेलाची बुधली त्यानं वर तशीच दिली.

शिंप्याला सुगावा लागू नये म्हणून मशीन कडब्याच्या गाडीत, पेंढ्यांखाली घालून आणली. त्याच्या दुकानासमोरचा ओटा भाड्यानं घेतला आणि मुद्दाम बाजारच्याच दिवशी मांडली. माणसं जमली. मी ऐटीत गोधडी घातली आणि आईनं शिकवलं तसं कडेपासून सुरू केलं. हातानं शिवताना आम्ही बायका कडेनं एक फेरा घालतो, त्याच्या आत दुसरा, असं करत मध्यावर येतो. हाताखाली कापड दमानं बसतं. मशीनला कुठला दम? प्रत्येक फेऱ्याला ती वरचं लुगडं आत ढकलत गेली आणि मध्यावर पोचेपर्यंत तिथं हा एवढा फुगा आला.

समोरून शिंपी ओरडला, "काय गं पोरी, वाकळ पोटुशी ऱ्हायली का?"

त्या दिवशी मी भाकरी खाल्ली नाही. सगळे टाके उसवले आणि महिनाभर जुन्या चिंध्यांवर हात बसवला. मधून सुरू करून बाहेर जायचं, हे कळलं तेव्हा मशीन माझी झाली. मग गोधड्यांवर थांबते कशाला? पोळ्याच्या आधी बैलांच्या झुली शिवायचं काम शिंप्याचं, वर्षाची मोठी कमाई त्याची तीच. ती मी उचलली. माझ्या मशीनमधून अख्खी झूल निघायची, त्याच्याकडं तुकडे जोडावे लागायचे. पोळ्याला तो माशा मारत बसला आणि मी मान वर करकरून त्याच्याकडं बघत होते. फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

दोन वर्षांनी त्याची बायको वारली. लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली. बारशाला पाळण्यात आजीच्या लुगड्याची गोधडी लागते. शिवायला आता घरात बाई नव्हती. तो बायकोच्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन माझ्या ओट्याखाली उभा राहिला. वर यायचं धाडस झालं नाही त्याला.

"बाई, तेवढी एक करून द्या. बारशाच्या आत व्हईल ना?"

"ठिवून जा," मी म्हटलं.

गाठोडं मी मशीनखाली, पायांशी सरकवलं. तो रोज विचारायचा, मी रोज "करून राह्यले ना" म्हणायची आणि गाठोड्यावर टाच टेकवून दुसऱ्यांची कामं उरकायची. त्याचा पाळणा उघडा राहणार, भरल्या गावात त्याची मान खाली जाणार, एवढंच मला हवं होतं.

बारशाला मी मुद्दाम गेले. बायांच्या गर्दीतून पुढं घुसून पाळण्यात डोकावले. आत गोधडी होती. हातानं शिवलेली, एकाला एक लागून, तांदळाच्या दाण्याएवढे टाके. गावात ते टाके एकाच बाईचे.

तडक ओट्यावर जाऊन मशीनखालचं गाठोडं सोडलं. आत आमच्याच चिंध्या. आईनं कधीच लुगडी काढून घेतली होती आणि रोज दुपारी शेजारणीकडं बसून ती शिवत होती.

"म्या हे समदं कोनासाठी केलं?" घरी येऊन मी किंचाळले. "तुला त्यानं कुत्रीची वाकळ म्हनलं व्हतं!"

"मला म्हनलं व्हतं ना?" आई म्हणाली. "मंग माफ करायचं का न्हाई, ते मी बघंन. तू मला कधी इचारलं?"

तिनं भाकरी वाढली. मी ताट सारलं. शिंप्याला पुढं मी विसरूनही गेले. आईला मात्र तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत माफ केलं नाही.