पल्याडचा काठ

समुद्रापुढे राजा आणि रंक सारखेच, असे थोर लोक सांगून गेले आहेत. रत्नागिरीच्या बोटीत मात्र वरचा वर्ग आणि डेक असे दोन भाग होते. मी वर होतो, तो डेकवर. हिंगणघाटच्या गिरणीतला हा माणूस मला वर्धा स्टेशनवरच दिसला होता. म्हाताऱ्या आईची नजर जात चालली होती. ती पुरती जायच्या आत तिला समुद्र दाखवायला तो निघाला होता. वाटेत गाय दिसो की सिग्नल, तिचा कोपर धरून विचारायचा, “माय, दिसते ना?”

बोटीचा प्रवास रात्रीच्या अंधारात झाला. सकाळी रत्नागिरीला उतरल्यावर म्हातारीने माड ओळखले, होड्या ओळखल्या. मग समुद्राकडे बराच वेळ पाहून ती घाबरली. “पल्याडचा काठ दिसत नाई मले. गेले वाटते डोये.”

“कोनालेच दिसत नाई, माय.”

तिला पटेना. त्याने मला थांबवले. “हे साहेब वरच्या वर्गातले हायेत. याईले इचार.”

मी चष्मा पुसून नीट पाहिले आणि मलाही दिसत नाही, असे सांगितले.

म्हातारीचा जीव भांड्यात पडला. मग तिला माझी कीव आली. “मंग एवढे पैसे काऊन भरले, बाप्पा?”

तिकीट सरकारने काढले होते.