लंगोट मी धुतो

मला रिकामं बसवत नाही. चहा उकळेपर्यंत मी ओट्यापाशी उभा राहत नाही. मध्येच जाऊन दारातल्या चपला सरळ करतो, मोटार चालू आहे का बघून येतो. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते या भिंगरीमुळंच झालं.

मुलगी पाच महिन्यांची असताना डायपर बंद करायचं खूळ मीच काढलं. आम्ही येडगावला मळ्यात राहतो. कचऱ्याची गाडी आमच्यापर्यंत येत नाही. वापरलेले डायपर खड्ड्यात पुरले, तरी कुत्री ते उकरून बांधावर पसरायची. आणि कुत्री जमली की मागोमाग उसातून बिबट्या येणार, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोन दिवस माझ्या डोक्यात तेवढंच. तिसऱ्या दिवशी आईकडून जुनी सुती लुगडी मागून घेतली आणि तिच्याकडूनच तीसेक लंगोट शिवून घेतले.

बायको आळेफाट्याजवळच्या एका शाळेत शिकवते. तिची रजा संपायला तीन आठवडे उरले होते. ती म्हणाली, "सगळं खरं, पण धुणार कोण?"

"मी धुतो," मी म्हणालो.

आईनं कपाळाला हात लावला. "बाप्यामाणसाचं काम हाय का ते? लोक काय म्हणतील?"

मला तर आणखी चेव आला. नळाला दिवसाआड पाणी, म्हणून मी लंगोटांची बादली घेऊन रोज सकाळी विहिरीवर जायचो. तिथं मोटारीच्या पुढं, पाइपाला मी धुण्यापुरतं पाणी घ्यायला एक कॉक बसवला होता. मोटार चालू करायची, टोमॅटोला ठिबकमधून पाणी सोडायचं आणि तोवर तिथंच दगडावर लंगोट चुबकायचे. एका वेळी दोन कामं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं "काय राव, बढती मिळाली?" म्हटलं, तरी मी हसून पिळत राहायचो. लंगोट वाळल्यावर जरा ताठ लागायचे. आमचं पाणीच जड, असं म्हणून मी ते हातानं चोळून मऊ करायचो.

आठवड्याभरात पोरीच्या मांड्या लाल झाल्या. मग जांघेतली कातडी सोलवटली. लंगोट बांधला की ती अशी किंचाळायची की मी उठून अंगणात जायचो आणि तिथंही उभं राहवायचं नाही. नारायणगावच्या डॉक्टरांनी मलम दिलं. त्यानं दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच.

बायको एकदाच म्हणाली, "हे कापडानं तर नसेल?"

"कापडानं कसं होईल? आमी सगळे कापडातच वाढलो," मी फटकन बोललो. तेवढ्यात आई म्हणाली, "दूध उष्ण पडतंय हिचं. तिखट लई खाती." आणि मी ते उचलून धरलं. लाज वाटते सांगायला, पण धरलं. माझ्या लंगोटांवरचा आळ टळत होता ना. त्या दिवसापासून बायकोची मिरची बंद, शेंगदाणे बंद, वांगं बंद, चहा बंद. ती नुसता दूधभात खायची. तिचे गाल बसले.

एका सकाळी लंगोट पिळता पिळता माझी नजर खाली गेली. सगळीकडं गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि माझ्या दगडाभोवती तेवढं हिरवं काळंभोर, तरारलेलं. शेतकऱ्याला असलं हिरवं ओळखायला वेळ लागत नाही. ते खतावरचं हिरवं होतं. मी वर पाहिलं. टोमॅटोला दर दोन दिवसांनी ठिबकच्या पाण्यातूनच खत द्यायचो; त्या दिवशीची खताची बादली मीच कालवून ठेवली होती, आणि तिची नळी पाइपाला कॉकच्या अलीकडंच जोडलेली होती. टोमॅटोला जाणारं खताचं पाणीच माझ्या कॉकमधून येत होतं. पोरीचे लंगोट मी दर दोन दिवसांनी खतात खळबळत होतो.

त्या दिवशी सगळे लंगोट विहिरीतून पोहऱ्यानं पाणी काढून चार-चार वेळा धुतले. मग खताची नळी काढून कॉकच्या पुढं जोडली. घरी काहीच बोललो नाही. म्हटलं, आधी बरी होऊ दे.

आठवड्यात पोरगी बरी झाली. मांड्या पुन्हा गुळगुळीत. आई खूश. "बघ, म्या म्हणलं न्हवतं? तिखट सोडलं आन् उतार पडला." बायकोनं पोरीच्या पायांचे मुके घेतले आणि तिला म्हणाली, "चुकलं गं आईचं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बादली उचलून बाहेर गेलो.

ती शाळेत रुजू झाली. मला मात्र चैन पडेना. मोटारीचा स्टार्टर बघून यायचो, पुन्हा जायचो. मुलगी झोपली की तिचा लंगोट सोडून बघायचो. एका रविवारी जेवताना मी बायकोच्या ताटात ठेचा वाढायला गेलो, तर तिनं ताटावर हात आडवा धरला. "नको. माझ्यामुळं पुन्हा नको तिला."

मग मी सांगितलं. गवत, बादली, नळी, सगळं. मागच्या पडवीत आई भांडी घासत होती, म्हणून आवाज खाली ठेवून सांगितलं.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं नाही. ताट बाजूला सारलं. मग विचारलं, "कधी कळलं तुम्हांला?"

"महिना झाला."

"आईंना सांगितलंत?"

"नाही."

"मग आता सांगा. मोठ्यानं. माझ्यासमोर."

मी बसल्या जागी आईला हाक मारली. भांड्यांच्या आवाजात तिला ऐकू गेली नाही. पुन्हा मारली. पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला, आणि आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली.